वेरूळचा बुधवार

पहाटे ५.००

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारी दारावर माणसं लवकर येतात. रात्री चांगला पाऊस झालाय. सप्टेंबरातला पाऊस माझ्या कामाचा. उन्हाळ्यात जे तोंडाने सांगावं लागतं ते अशा दिवशी दगड स्वतः दाखवतो. भेग कुठून कुठे गेली आहे, पाणी कुठल्या थरावर अडतंय, छताचा कुठला भाग सैल झालाय, सगळं ओलं होऊन उठून दिसतं.

मी वेरूळला लेणी दाखवायचं काम करते. शिक्षण भूशास्त्राचं. पिशवीत टॉर्च, भिंग, छत्री, पाण्याची बाटली आणि तीन दगड असतात. पहिला गच्च काळा फत्तर, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागणारा. दुसरा मांजऱ्या, अंगभर पांढऱ्या-गुलाबी खड्यांचे ठिपके असलेला. तिसरा गेरूच्या रंगाचा, ठिसूळ, बोटाला लाली लावणारा. तिन्ही गावातल्या एका विहिरीच्या ढिगातून उचललेले आहेत. लेण्यातल्या भिंतीला कुणी नख लावू नये म्हणून मी आधी हे हातात देते. दगड हाताळायची इच्छा माणसाला होतेच, ती इथे भागते.

माझे आजोबा विहिरी खोदायचे. काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा फत्तर, त्याखाली कुठे कुठे गेरूचा पट्टा. हा क्रम त्यांना तोंडपाठ होता, आणि कुठल्या थराला पाणी लागेल हे ते शेतात उभं राहून सांगायचे. पुढे कॉलेजात मी तेच शिकले, फक्त त्याला पुस्तकातली नावं होती. वेरूळचा डोंगर त्याच थरांचा आहे. म्हणून हे लेणं कुणी केलं असेल असं मला कुणी विचारलं की मला आधी आजोबांसारखी माणसं दिसतात, राजे नंतर.

सकाळी ६.३०

पहिलं कुटुंब सोलापूरचं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि चौथीतली नात. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून चढ टाळून आधी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नेते. लोक याला सुतार का झोपडा म्हणतात. आत शिरल्यावर डोक्यावर कमानीसारखं छत आणि त्याला ओळीने फासळ्या. लाकडी घराच्या छताला जशा तुळया लागतात तशा, पण इथे त्यांना काहीही पेलायचं नाही. वरचा डोंगर स्वतःच स्वतःला पेलतोय. सातव्या शतकातल्या कारागिराने लाकडात पाहिलेलं रूप दगडात आणलं, कारण देवाचं घर असं दिसतं हे त्याला ठाऊक होतं.

नात विचारते, ‘‘मग हे बांधलं कसं?’’

‘‘बांधलंच नाही. सगळा दगड होता, नको तेवढा काढून टाकला.’’

ती बराच वेळ छताकडे बघत राहते. आजोबा तिला जवळ घेऊन म्हणतात, ‘‘आपल्या घृष्णेश्वराचं देऊळ बांधलेलं. ते वेगळं, हे वेगळं.’’ बरोबर बोलले. सगळ्या दिवसाचं सूत्र त्यांनी सकाळी सातलाच सांगून टाकलं. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात नव्याने उभं केलेलं घृष्णेश्वराचं मंदिर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे गवंड्याच्या हातात एखादा तडकलेला दगड आला तर तो बाजूला ठेवून दुसरा घेता येतो. कोरीव लेण्यात ती सोय नाही. तडा जिथे आहे तिथेच भेटतो, मग तो देवाच्या खांद्यावर येवो की खांबाच्या मध्यावर. त्यामुळे लेणं कोरणाऱ्याला पहिली टाकी मारण्याआधी डोंगर निवडता यावा लागतो. ही निवड मला सगळ्या शिल्पांइतकीच मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सकाळी ८.१५

पुण्याहून स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलामुलींचा गट आलाय. त्यांना मी डोंगरातून कोरलेल्या कैलास मंदिरात आधी नेत नाही. बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढवते. वाट निसरडी झालेली, म्हणून एकेकाला सांभाळून. वर पोचलं की एकदम खाली मंदिर दिसतं: मंडपाच्या छतावरचं कमळ, त्याच्याभोवती चार सिंह, मागे शिखर. शिखराचं टोक आपल्या पायांच्या पातळीच्या आसपास. सगळे गप्प होतात.

मग अपेक्षित प्रश्न येतोच. एक मुलगा मोबाइल हातात धरून म्हणतो, ‘‘मॅडम, मी व्हिडिओ पाहिला. त्यात म्हणतात हे त्या काळच्या माणसांना शक्यच नव्हतं. बाहेरून कुणीतरी आलं असणार.’’

या प्रश्नावर मी हसत नाही आणि चिडतही नाही. मुलाला खरोखर आश्चर्य वाटलंय, आणि आश्चर्य वाटणं योग्यच आहे. बडोद्याला सापडलेल्या इ. स. ८१२च्या सुमाराच्या राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देवसुद्धा ते पाहून थक्क झाले आणि खुद्द करणाऱ्यालाही हे आपल्या हातून कसं झालं असं वाटलं, असा त्याचा आशय. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही लोक असेच काठावर उभे राहून अवाक झाले होते. फरक एवढाच, की ताम्रपट लिहिणाऱ्याने श्रेय करणाऱ्याला दिलं. आज ते काढून घेतलं जातंय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘‘तुम्ही इंजिनियर होणार ना? मग हिशेब करू या,’’ मी म्हणते. वह्या निघतात.

मंदिराभोवतीच्या चौकाची लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी ४७. मागची भिंत जवळजवळ ३३ मीटर उंच, पण डोंगर पुढे उतरत येतो, म्हणून सरासरी खोली २० धरू. गुणाकार केला की ७९ हजार घनमीटरच्या आसपास. त्यातून मंदिर, प्रवेशद्वार, हत्ती, स्तंभ असा जो दगड जागेवर ठेवला तो वजा करायचा. चतुर्थांश ते एक तृतीयांश धरला तर उरले साधारण ५५ हजार. बेसॉल्टचा एक घनमीटर पावणेतीन टनांच्या थोडा वर भरतो. म्हणजे दीड लाख टन, आणि तिन्ही बाजूंच्या भिंतींत आत खोदलेली दालनं धरली तर दोन लाखांकडे. पुस्तकांतही दोन लाख टनांचा आकडा वारंवार येतो, तो हवेतला नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं.

आता वेळ. मंदिराचं मुख्य काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, त्याची राजवट इ. स. ७५६ ते ७७३. आजूबाजूची दालनं त्यानंतरही खोदली जात राहिली. तरी सगळा दगड याच सतरा वर्षांत काढला असं धरू, वर्षाचे तीनशे दिवस काम. दिवसाला किती?

एक मुलगी सगळ्यांच्या आधी सांगते, ‘‘अकरा घनमीटर. म्हणजे तीस टन.’’

‘‘तीस टन म्हणजे?’’

‘‘तीन ट्रक,’’ मोबाइलवालाच म्हणतो.

‘‘आता एक पाथरवट दिवसाला किती काढेल? थोडं थांबा, हे मी सांगणार नाही. खाली एक मिस्त्री आहेत, ते सांगतील.’’

उतरताना मी दगडाची गोष्ट सांगते, कारण हिशेबाइतकीच ती लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून लाव्हा वर आला आणि पसरत गेला. एकदा नाही, पुनःपुन्हा. आज त्याखाली सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. प्रत्येक लोंढा थंड होताना त्यातला वायू वर चढतो. धिरड्याला जाळी पडते तशी वरच्या भागात जाळी पडते. मधला भाग सावकाश निवतो, तो गच्च होतो. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरचा भाग उघडा पडून कुजतो, त्यात राख मिसळते, आणि पुढच्या लोंढ्याखाली तो लाल पट्टा होऊन गाडला जातो. वरच्या जाळीत पुढे लाखो वर्षं पाणी झिरपतं आणि भोकांमध्ये झिओलाइटचे खडे तयार होतात. आता मी पिशवीतले तिन्ही दगड हातोहात फिरवते. जाळीचा तो मांजऱ्या, मधला तो काळा फत्तर, लाल तो गेरूचा.

लेणं कोरायचं तर मधला भाग हवा. जाड, सलग, आडवा. वाळूच्या दगडाला जसे पापुद्रे असतात तसे त्याला नसतात, त्यामुळे टाकी कुठल्याही दिशेने चालवली तरी दगड सारखाच वागतो. महाराष्ट्रात हजाराच्या आसपास लेणी आहेत ती धर्मामुळे आहेत तितकीच या लाव्ह्यामुळेही आहेत.

सकाळी १०.००

कैलासाच्या चौकात. इथे मी कमी बोलते, बोट जास्त दाखवते.

मागच्या उंच भिंतीकडे बघा. तिरप्या, समांतर, हातभर लांबीच्या रेघा वरपासून खालपर्यंत. या टाकीच्या खुणा. खाली जिथे शिल्प आहे तिथे त्या घासून नाहीशा केल्यात, आणि भिंतीला नुसतं भिंत म्हणून राहायचं आहे तिथे तशाच ठेवल्यात. कुठे रेघा दाट, कुठे विरळ. हात बदलले की खूण बदलते.

आमचे मिस्त्री डागडुजीच्या कामावर आहेत. वडार समाजातले, साठीच्या पुढचे. मी हाक मारली की पाच मिनिटं येतात. मुलं त्यांना विचारतात, ‘‘काका, एक माणूस दिवसात किती दगड काढेल?’’

मिस्त्री भिंतीकडे बघून अंदाज करतात. ‘‘ह्यो फत्तर? टाकी-हातोड्यानं तीन-चार घनफूट. गडी चांगला पाहिजे. अन् टाकीला पाणी देणारा लोहार शेजारी पाहिजे, नायतर दोन घटकंत टोक बसतंय.’’

चार घनफूट म्हणजे दशांश घनमीटरच्या थोडं वर. अकरा घनमीटर भागिले ते. मुलं आकडा करतात आणि एकमेकांकडे बघतात. रोज कापणारे शंभर-एक हात. त्यांच्यामागे डबर वाहणारे, लोहार, कोळसा आणणारे, पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे. काहीशे माणसं. एका राज्याला झेपेल असं आणि एका पिढीत संपेल असं काम.

‘‘मग इतकं अवघड नाही?’’ एकजण विचारतो.

‘‘दगड काढणं अवघड नाही. कुठे थांबायचं हे अवघड आहे.’’

याचं उत्तर चौकात उभं राहूनच कळतं. आधी वरून तीन मोठे चर खणले, दोन बाजूंना आणि एक मागे. मध्ये दगडाचा ठोकळा राहिला. मग तो ठोकळा शिखरापासून खाली कोरत आणला. परांची बांधावी लागली नाही, कारण कारागीर ज्या दगडावर उभा होता तोच पुढे कापला जाणार होता. पण याचा अर्थ असा, की पहिल्या दिवशी शिखराची जागा ठरवताना जोत्याची, जिन्याची, हत्तींच्या रांगेची, दोन्ही बाजूंच्या सुमारे पंधरा मीटर उंचीच्या स्तंभांची जागा ठरलेली असली पाहिजे. खाली पोचल्यावर हत्तीसाठी दगड कमी पडला म्हणून आणून लावता येत नाही.

इतकं आधी कसं दिसलं असेल? तर हे रूप त्यांनी आधी बांधलेलं पाहिलं होतं. कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर आहे, चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकाच्या मध्याला बांधवलेलं. मांडणी कैलासाशी फार जुळते. त्याच्या मागे कांचीचं कैलासनाथ आहे. राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता घेतली तेव्हा तिकडचे कारागीरही इकडे आले असावेत असं अभ्यासक मानतात. म्हणजे देवळाचं ज्ञान दक्षिणेच्या बांधकामातलं आणि डोंगर कापायचं ज्ञान इथल्या लेण्यांतलं, जे तोवर दीड-दोनशे वर्षं याच डोंगरात मुरलेलं. दोन्ही या चौकात एकत्र आली.

आपल्याकडे कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एक कथा आहे. राणीने नवस बोलला, देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. बाकीचे कारागीर म्हणाले, वर्षं लागतील. पैठणच्या कोकसाने वरून काम सुरू केलं आणि आठवड्यात शिखर दाखवलं. आठवड्याची गोष्ट सोडून द्या. पण कळस आधी आणि जोतं नंतर, ही गोष्ट कथा सांगणाऱ्यांनी शेकडो वर्षं नीट जपली, आणि कारागीर पैठणचा, याच मातीतला, हेही जपलं. मला ही कथा मुलांना सांगायला फार आवडते.

जोत्याशी येऊन थांबतो. सुमारे आठ मीटर उंचीचा हा भाग भरीव आहे, त्यावर मंदिर. खोल खड्ड्यात देऊळ तळाशी ठेवलं असतं तर ते अंधारात बुडालं असतं, म्हणून ते उचलून धरलं. हत्ती त्या जोत्याला पाठ देऊन उभे. वर बाजूच्या दालनांकडे जाणारे दगडी पूल होते, ते पडून गेले. मुलांपैकी एक लगेच सांगतो: दाबाला दगड भक्कम, ताणाला कच्चा. बरोबर. बेसॉल्ट दाबाला जेवढा टिकतो त्याच्या साधारण दहावा भागच ताणाला टिकतो. पुलाच्या पोटाला ताण बसतो, आणि डोंगरातून आलेली एखादी बारीक भेग तिथे पोचली की पुरे. खांब उभे आहेत आणि पूल नाहीत, याचं कारण वर्गात शिकलेल्या एका वाक्यात आहे.

मोबाइलवाला मुलगा टाकीच्या खुणांचे फोटो काढत मागे राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

सकाळी ११.४५

शाळांच्या बसगाड्या आल्या. आता दीड तास नुसता गोंगाट. हत्तीच्या सोंडेवर चढू नका, भिंतीला टेकू नका, नावं कोरू नका. शेकडो हातांचा घाम आणि तेल एकाच जागी बसलं की दगड तिथे काळा, तुळतुळीत होतो. एका शिक्षिकेला सांगितलं, पोरांना छताकडे बघायला लावा. छतावर जुन्या रंगाचे तुकडे अजून आहेत, बाहेर कोनाड्यांत पांढरा गिलावा टिकून आहे. सगळं मंदिर एके काळी गिलावा देऊन रंगवलेलं होतं, म्हणून गावचे लोक याला रंगमहाल म्हणत. पोरांनी माना वर केल्या आणि हात आपोआप खाली आले.

दुपारी १.००

मिस्त्री आणि त्यांच्या माणसांबरोबर जेवण. भाकरी, पिठलं, ठेचा. पाऊस पुन्हा भरून आलाय.

त्यांचं काम बाहेरून बघणाऱ्याला किरकोळ वाटेल: वरच्या अंगाचं पाणी भेगांत जाऊ नये म्हणून सांधे भरणं, चर साफ ठेवणं. पण लेण्याचं आयुष्य त्यावर आहे. आज चुन्याचं मिश्रण तयार करत होते. चुना भिजत घातलेला, वाळू, विटेची सुरखी. त्यांच्यातला एक पोरगा म्हणाला, सिमेंट टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत झालं असतं. मिस्त्रींनी त्याला शांतपणे समजावलं. सिमेंट दगडापेक्षा हट्टी. ते पाण्याला आत अडवून ठेवतं, मग पाणी शेजारच्या दगडातून वाट काढतं आणि दगडच फुटतो. चुना मऊ, श्वास घेणारा. फुटायची वेळ आली तर चुना फुटला पाहिजे, दगड नाही.

मी त्यात माझी भर घातली: सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात शिरतात आणि कोरडं झालं की आत खडे धरतात, पापुद्रे सुटतात. लोखंडी सळई घातली तर ती गंजून फुगते. मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, तुमी कागदावर शिकलात, आमी हातानं. गोष्ट एकच हाय.’’

त्यांना एक विचारलं. कैलास करणाऱ्यांच्या जागी तुम्ही असता तर डोंगर कसा निवडला असता? त्यांनी हातातली भाकरी ठेवली. म्हणाले, आधी पावसात येऊन बघितला असता. पाणी कुठनं गळतंय ते. मग पहारीनं ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला असता. गच्च दगड वाजतो, पोकळ दगड बसका आवाज देतो. मग दोन उन्हाळे वाट बघितली असती. दोन उन्हाळे! प्रकल्पाच्या वेळापत्रकात कुणी हे लिहिणार नाही, आणि दगडाच्या कामात याहून शहाणी गोष्ट नाही.

दुपारी २.३०

एकोणतिसाव्या लेण्यात, धुमार लेण्यात. पुण्याच्या गटातले सात-आठजण मुद्दाम थांबले आहेत. शेजारून येळगंगा खाली उडी घेते, आज पाणी चांगलं आहे, बोलायला ओरडावं लागतं. लेणं तिन्ही बाजूंनी उघडं, मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्याशी त्याचं नातं पाहताक्षणी कळतं. पायऱ्यांशी सिंह.

इथे मी पाणी दाखवते. छताला टॉर्च लावली की ओलाव्याची एक सरळ रेघ दिसते. ती भेग. लाव्हा थंड होताना आकसला तेव्हा पडलेली, म्हणजे लेण्याहून कोट्यवधी वर्षं जुनी. वर डोंगरावर पाऊस पडतो, मुरमातून खाली झिरपतो, गच्च दगडाला लागून अडतो आणि भेग सापडली की खाली उतरतो. विहिरीला पाणी लागतं ते याच रीतीने. जे शेतकऱ्याला हवं तेच लेण्याला नको.

दुसरी गोष्ट सावकाश घडते. बेसॉल्ट कुजला की त्याची चिकणमाती होते. मराठवाड्याची काळी माती ती हीच. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात फुगून त्या मिटतात, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. तशीच माती या दगडाच्या भोकांत आणि लाल पट्ट्यांत बारीक प्रमाणात आहे. दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात आकसते. शेकडो वेळा असं झालं की मूर्तीच्या गालाचा पापुद्रा सुटतो. वटवाघळांची विष्ठा, शेवाळ, झाडांची मुळं यांची भर वेगळी. मुलांना मी म्हटलं, तुम्ही पुढे धरणं बांधाल, बोगदे काढाल, याच खडकात. तेव्हा हे छत आठवा.

एका मुलीने विचारलं, त्यांनी गिलाव्यात काय घातलं होतं? चांगला प्रश्न. २०१६ साली इथल्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. तंतूंनी गिलावा धरून ठेवला, आणि किडीपासूनही बचाव झाला असावा. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथे किडीने जास्त नुकसान केलंय. दगड निवडणारे, गिलावा मळणारे, रंग घोटणारे, प्रत्येकाकडे आपापल्या वस्तूचं असं ज्ञान होतं.

दुपारी ४.१५

जैन लेणी, डोंगराच्या उत्तर टोकाला. नवव्या-दहाव्या शतकातली, म्हणजे या डोंगरातलं काम सुरू होऊन तीनशे वर्षं उलटून गेल्यावरची. त्यांतल्या इंद्रसभा लेण्यात माडीवर जाऊन छतातलं कमळ आणि अंबिका बघायची. आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली. हात इतका सरावलेला आहे की दगड विरोध करत होता असं वाटतच नाही.

पण या गटाला मला मुख्यतः तिसावं लेणं दाखवायचं होतं, छोटा कैलास. मोठ्या कैलासाची लहान आवृत्ती काढायला घेतली आणि अपुरी राहिली. फारसे प्रवासी इकडे येत नाहीत. मला मात्र वाटतं, वेरूळला येणाऱ्या प्रत्येकाने हे बघावं. पूर्ण झालेल्या कामात कारागीर दिसेनासा होतो, अपुऱ्यात तो समोर उभा राहतो. इथपर्यंत आलो होतो, पुढे हे काढायचं होतं, असं दगड सांगतो. काठावरचा ओबडधोबड भाग, त्याच्या पुढे ढोबळ आकार, त्याच्या पुढे नीट झालेला खांब: कामाचे सगळे टप्पे एका जागी.

मोबाइलवाला मुलगा बराच वेळ बोलला नव्हता. तो म्हणाला, ‘‘मॅडम, ज्यांना सगळं येतं ते अर्धवट कशाला सोडतील?’’

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतः शोधलं. पैसा संपतो, आश्रय देणारा जातो, राजवट बदलते, दगड वाईट निघतो. माणसांच्या कामाचं असंच होतं.

संध्याकाळी ५.४५

ढग फाटले. लेण्यांची ही सगळी रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसाचा शेवटचा तास सर्वांत उजेडाचा. ज्यांना जमेल त्यांना मी याच वेळी पुन्हा कैलासात यायला सांगते. ओल्या दगडावर तिरकं ऊन पडलं की काळा म्हणून ओळखला जाणारा दगड तपकिरी, करडा, कुठे तांबूस दिसतो. त्यातलं लोह हवेशी गंजत आलंय. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय, त्याचे हात खालच्या अंधारात आणि वर शिव-पार्वती. चार-पाच पावलं मागे सरकून बघा, म्हणजे रावणाच्या पाठीचा जोर दिसतो.

सोलापूरच्या आजी पायरीवर बसून होत्या. सकाळपासून घृष्णेश्वर, जेवण, विश्रांती करून पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘पोरी, कुणाचं नाव नाही का गं इथं? केलं त्याचं?’’

राजांची नावं आहेत, म्हटलं. पंधराव्या लेण्यात दन्तिदुर्गाचा लेख आहे, ताम्रपटात कृष्णाचं नाव आहे. टाकी धरणाऱ्यांचं नाव नाही. आजींनी भिंतीकडे बघून हात जोडले. देवाकडे तोंड नव्हतं त्यांचं.

सव्वासहाला पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

रात्री ८.००

पुण्याच्या गटाच्या सरांचा फोन. मुलांना रविवारी आणखी एक ठिकाण बघायचं म्हणतात, कुठे जावं? मी पितळखोरे सांगितलं. कन्नडजवळ, गौताळ्याच्या जंगलात, ख्रिस्तपूर्व काळापासूनची लेणी. तिथला दगड टिकला नाही, छतं आणि दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात ढासळले आहेत. वेरूळ बघितल्यावर पितळखोरे बघितलं तरच डोंगर निवडण्याला किती मोल आहे ते कळेल.

सरांनी विचारलं, बरोबर काय घ्यावं?

पायऱ्या उतरून दरीत जायचं आहे, बूट चांगले पाहिजेत, प्रत्येकाला दोन लिटर पाणी. पाऊस असेल तर ओढ्याजवळ थांबू नका. आणि मुलांना वहीत दोन रकाने पाडायला सांगा, एका बाजूला वेरूळचा दगड, दुसऱ्या बाजूला तिथला. भोकं किती, भेगा कुठल्या दिशेला, लाल पट्टा कुठे येतो. तो मोबाइलवाला मुलगा येणार असेल तर भिंग त्याच्याकडे द्या, असं सांगून मी पिशवीतले तीन दगड धुवायला घेतले. मांजऱ्याच्या भोकांत दिवसभराची माती बसली होती.